ऑडिओग्राम नॉर्मल, श्रुतलेखनात मात्र ‘भात’चा ‘बात’: ऐरोलीतलं एक प्रकरण

मुलगा नऊ वर्षं दोन महिन्यांचा, चौथीत, मराठी माध्यमात. घर नवी मुंबईतल्या ऐरोलीत, शाळा ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आवाजाच्या टप्प्यात. आईची तक्रार एका वाक्याची: “हाक मारली की ओ देतो, पण सांगितलेलं निम्मंच करतो.” वर्गातल्या बाईंची त्याहून छोटी: “लक्ष नसतं.”

विषय आहे ‘ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’चा (एपीडी), म्हणजे कान चांगले असूनही ऐकलेल्याची मेंदूत नीट उकल न होण्याचा. हे प्रकरण कुणा एका मुलाचं नाही. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मुलांमध्ये वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचलं आहे. मुलाचे आणि वर्गाचे आकडेही त्याच हिशेबाने घेतले आहेत, कारण आकड्यावरून निर्णय कसा वळतो तेच इथे दाखवायचं आहे.

पहिला धागा वहीत सापडला. वीस शब्दांच्या श्रुतलेखनात नऊ चुका होत्या. ‘भात’चा ‘बात’, ‘धार’चा ‘दार’, ‘घोडा’चा ‘गोडा’, ‘ढग’चा ‘डग’. नऊपैकी सहा चुका महाप्राण अक्षरांच्या. तेच वीस शब्द आईने घरी, पंखा बंद करून, समोर बसून घातले तेव्हा चुका तीनच झाल्या. शब्द तेच, मूल तेच, बदलली फक्त खोली. शुद्धलेखन कच्चं असतं तर दोन्हीकडे सारख्याच चुका झाल्या असत्या. ‘ब’ आणि ‘भ’ यांतला मुख्य फरक म्हणजे ओठ उघडल्यावर थोडेच मिलिसेकंद टिकणारा, हवेने भरलेला क्षीण आवाज. डोक्यावर पंखा घरघरत असेल तर सगळ्यात आधी हाच तुकडा बुडतो.

दीड वर्षापूर्वी कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली होती. मळ नाही, पडदा ठीक, ऑडिओग्राम नॉर्मल. “कान चांगले आहेत” हे वाक्य खरंच होतं, पण त्यावर शोध थांबला आणि उरलेलं सगळं मुलाच्या स्वभावावर गेलं. शिकवणी बदलली, टीव्ही बंद झाला, ओरडा वाढला. त्याच काळात मुलाने नवी सवय लावून घेतली. काही विचारलं की आधी मान डोलवायची आणि मग शेजारचा काय करतो ते बघून तसंच करायचं. बाईंना ही नक्कल वाटली. खरं तर न कळलेली सूचना भरून काढण्याची ती बऱ्यापैकी हुशार युक्ती होती.

ऑडिओग्राम कुठपर्यंत सांगतो

आवाजबंद खोलीत, एका वेळी एका कानात, २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे शुद्ध स्वर किती हळू आवाजात ऐकू येतात एवढंच ऑडिओग्राम मोजतो. वर्गात शुद्ध स्वर नसतात. तिथे बोलणं असतं, त्यावर दुसरं बोलणं असतं आणि वरून पंखा. हा फरक नवा नाही. १९५४ मध्ये इटलीत एत्तोरे बोक्का आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूच्या कानशिलाकडच्या भागात गाठ असलेल्या रुग्णांचा ऑडिओग्राम नॉर्मल येतो, पण मुद्दाम बिघडवलेलं बोलणं त्यांना गाठीच्या विरुद्ध बाजूच्या कानाने नीट कळत नाही.

कानाच्या पडद्यामागे काय घडतं ते थोडं सावकाश पाहू, कारण पुढची प्रत्येक चाचणी या वाटेवरच्या एखाद्या टप्प्याला प्रश्न विचारते.

तीन हाडांच्या साखळीतून कंप कॉक्लिआत, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीत, शिरतो. तिथे प्रत्येक स्वराची जागा ठरलेली असते: बारीक आवाज तोंडाशी, जाड आवाज आतल्या टोकाशी. मेंदूकडे संदेश पाठवणाऱ्या आतल्या केसपेशी एका कानात सुमारे ३,५०० आणि श्रवणतंतू सुमारे ३०,०००. इथून संदेश ब्रेनस्टेममध्ये (मेंदूच्या देठात) जातो आणि सुपीरियर ऑलिव्ह या ठिकाणी दोन्ही कानांची तुलना होते. एका बाजूने आलेला आवाज दूरच्या कानाला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा आणि थोडा क्षीण पोहोचतो. तेवढ्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. दिशा कळली की समोरच्या बाईंचा आवाज मागच्या बाकावरच्या गप्पांपासून वेगळा काढता येतो. पुढे इन्फिरिअर कॉलिक्युलस, मग थॅलॅमस आणि शेवटी टेम्पोरल लोबमधला, म्हणजे कानशिलाकडच्या भागातला, श्रवण कॉर्टेक्स. ब्रेनस्टेमच्या वरच्या भागातली खूण टिक् असा आवाज दिल्यापासून साधारण साडेपाच ते सहा मिलिसेकंदांत मोजता येते, कॉर्टेक्सची त्यानंतर.

ही वाट एकतर्फी नाही. वरून खालीही तंतू येतात, आणि आधीची माहिती ऐकण्यात सतत मिसळत असते. ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत “पुढील स्टेशन…” यानंतरचे शब्द दाराच्या खडखडाटात गेले, तरी रोजच्या प्रवाशाला ‘रबाळे’ ऐकू येतं, कारण ऐरोलीनंतर रबाळेच असतं हे त्याला ठाऊक आहे. त्याच डब्यातला नवखा माणूस दोनदा विचारतो. दोघांचे कान सारखेच. मुलांकडे शब्दसाठा कमी आणि अनुभवही कमी, म्हणून बुडलेला तुकडा भरून काढायला त्यांच्या हाताशी कमी सामान असतं. मोठ्यांना ज्या गोंगाटात सहज कळतं, त्यात मुलाला कळेलच असं धरून चालणं ही शाळेत आणि घरात दोन्हीकडे होणारी चूक आहे.

या प्रकरणात निर्णायक ठरलेली गोष्ट आणखी वरची आहे. दोन्ही कानांचे संदेश मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांकडे जातात, पण विरुद्ध बाजूची वाट जास्त बळकट असते. दोन कानांत एकाच क्षणी वेगवेगळे शब्द दिले तर हीच वाट वरचढ ठरते. बहुतेकांची भाषा डाव्या अर्ध्यात असल्याने उजव्या कानातला शब्द थेट तिथे पोहोचतो. डाव्या कानातला शब्द आधी उजव्या अर्ध्यात जातो आणि मग कॉर्पस कॅलोसम या जाड तंतुपुलावरून डावीकडे येतो. १९६१ मध्ये डोरीन किमुरा यांनी अशा चाचण्यांत उजवा कान थोडा पुढे राहतो हे दाखवलं. मुलांमध्ये हा पूल अजून पक्का होत असतो, त्यामुळे डावा कान काही गुणांनी मागे असणं स्वाभाविक आहे. अकरा-बारा वर्षांपर्यंत हे अंतर बरंच मिटतं. प्रश्न अंतर किती आहे याचा असतो.

चाचण्यांचा क्रम

ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, या चाचण्या साधारण सात वर्षांच्या आत करत नाहीत. त्याआधी गुणांमध्ये इतका चढउतार असतो की निष्कर्ष काढता येत नाही.

आधी इतिहास. दीड ते चार वर्षांच्या वयात प्रत्येक पावसाळ्यात सर्दी, दोनदा पडद्यामागे पाणी साठल्याची नोंद, टिंपॅनोग्राम (पडद्याची हालचाल आणि मागचा दाब दाखवणारा आलेख) सपाट. औषधांनी पाणी गेलं, ग्रोमेट (पडद्यात बसवायची बारीक नळी) लागलं नाही. भाषा शिकण्याच्या ऐन वयात आवाज कमी-जास्त येत राहिला, हे लक्षात ठेवण्यासारखं होतं. पण इतिहास म्हणजे निदान नव्हे. लहानपणी कानात पाणी होऊनही पुढे काही अडचण न येणारी मुलं खूप असतात.

मग बाईंनी भरलेली यादी. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्थेत तयार झालेल्या १२ प्रश्नांच्या चाळणी-यादीत बाईंनी ९ ठिकाणी ‘हो’ लिहिलं. यादी फक्त पुढे तपासायचं की नाही ते सांगते. लक्ष विचलित होणारं मूल, भाषा कच्ची असलेलं मूल आणि हे मूल या तिघांच्या याद्या सारख्याच दिसू शकतात. म्हणून त्याच आठवड्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट यांच्याकडे पाठवलं. बुद्धिमापन वयानुसार, शांत खोलीत भाषेचं आकलन वयानुसार, आणि डोळ्यांनी करायच्या लांब कामात लक्ष वीस मिनिटं टिकलं. हा शेवटचा मुद्दा मोलाचा. लक्षाचाच प्रश्न असता तर तो डोळ्यांच्या कामातही दिसायला हवा होता.

पहिल्या बैठकीत कानाची पायाभूत तपासणी पुन्हा झाली. दीड वर्षापूर्वीच्या कागदावर विसंबून पुढच्या चाचण्या करत नाहीत. दोन्ही टिंपॅनोग्राम ‘ए’ प्रकारचे, म्हणजे नॉर्मल. शुद्ध स्वरांची सरासरी दोन्ही कानांत १० डेसिबल. अकूस्टिक रिफ्लेक्स (मोठ्या आवाजाला कानातला स्नायू आखडतो ती प्रतिक्रिया) दोन्ही बाजूंनी ८५ ते ९५ डेसिबलला मिळाले, ओएई (कॉक्लिआ स्वतः परत पाठवते तो क्षीण आवाज) दोन्हीकडे हजर. आईने ऑडिओलॉजिस्टना विचारलं, “मॅडम, बेरा करायची नाही का?” बेरा म्हणजे श्रवणतंतू आणि ब्रेनस्टेमच्या विद्युत खुणा मोजणारी तपासणी. नाही केली. ओएई आहे पण रिफ्लेक्स नाही असं दिसलं असतं तर श्रवणतंतूंचा ताल बिघडल्याची शंका घेऊन बेरा लगेच सांगावी लागली असती. इथे दोन्ही हजर होते. मुलाला झोपवून केलेल्या बेराने या प्रश्नाचं उत्तर बदललं नसतं.

शांततेत शब्द ओळखणं दोन्ही कानांत २५ पैकी २४. तेवढ्याच पातळीचा गोंगाट मिसळल्यावर उजवा १७, डावा १३.

दुसरी बैठक रविवारी सकाळी साडेनऊला ठेवली. पंचेचाळीस मिनिटांचे दोन भाग, मध्ये खाणं आणि थोडं पळणं. शाळा सुटल्यावर संध्याकाळी सहाला दमून आलेल्या मुलाचे गुण सरसकट खाली येतात, आणि ते कशामुळे आले हे नंतर सांगता येत नाही.

मुख्य चाचणी डायकॉटिक अंकांची. दोन्ही कानांत एकाच क्षणी वेगळे अंक येतात, दोन जोड्या मिळून चार अंक, आणि चारही सांगायचे. उजवीकडे “दोन, आठ” आणि डावीकडे “पाच, तीन” असं. या ध्वनिमुद्रणात ‘सहा’ आणि ‘नऊ’ वगळले होते, कारण उच्चारात दोन ठोके घेणारे अंक एका ठोक्याच्या अंकांशी वेळेत जुळत नाहीत. वीस फेऱ्या, प्रत्येक कानाला ४० अंक. उजवा ३५, डावा २२. म्हणजे ८७.५ टक्के आणि ५५ टक्के. नवव्या वर्षासाठी वापरात असलेले इंग्रजी अंकांचे मापदंड उजव्याला ८० आणि डाव्याला ७५ टक्क्यांच्या आसपास आहेत. ते मराठी अंकांना जसेच्या तसे लावणं बरोबर नाही, म्हणून इथे भर दिला तो दोन कानांतल्या ३२.५ टक्क्यांच्या दरीवर.

अशी दरी दिसली की निष्कर्ष लिहिण्याआधी तीन गोष्टी पडताळल्या पाहिजेत. घाईत हेच राहतं.

पहिली, यंत्र. हेडफोन उलटे घालून दहा फेऱ्या पुन्हा घेतल्या. एक इयरफोन क्षीण झाला असेल किंवा ऑडिओमीटरच्या एका चॅनेलची पातळी खाली असेल, तर कमी गुणांचा कान बदलतो. इथे तो डावाच राहिला. दुसरी, स्मरण. तेच चार अंक एकाच कानात एकामागून एक दिले. दोन्ही कानांत २० पैकी १९ फेऱ्या बरोबर, म्हणजे चार अंक लक्षात राहतात. तिसरी, लक्ष. “उजवीकडचं सोडून दे बाळा, फक्त डावीकडचं सांग” असं सांगून पुन्हा घेतलं. लक्ष फिरल्यामुळे डावा कान मागे पडत असता तर गुण झपाट्याने वर आले असते. ते २२ वरून २५ वर गेले, एवढंच.

नंतर स्वरांच्या नमुन्यांची चाचणी. ८८० आणि ११२२ हर्ट्झचे तीन छोटे स्वर, प्रत्येक १५० मिलिसेकंदांचा, मध्ये २०० मिलिसेकंदांचं अंतर. मुलाने “जाड-बारीक-जाड” असा क्रम सांगायचा. तीसपैकी १२ बरोबर. मग त्याला बोलू नको, फक्त गुणगुण असं सांगितलं. तीसपैकी २५. “बारीक-बारीक-जाड” असं तोंडाने चुकीचं सांगितलेला नमुना पुढच्याच क्षणी त्याने अगदी सुरात गुणगुणला. स्वरांचा आराखडा मुख्यतः उजवा अर्धा ओळखतो, त्याला शब्द देण्याचं काम डाव्याचं. आराखडा पकडला जातो आणि नाव देताना चुकतं, डायकॉटिकमध्ये डावा कान मागे राहतो, हे दोन्ही पुरावे एकाच पुलाकडे बोट दाखवतात.

उरलेल्या दोन चाचण्या नॉर्मल आल्या, आणि त्याही तितक्याच कामाच्या. गोंगाटात किती लहान खंड ओळखता येतो ते उजव्या कानात ५ आणि डाव्यात ६ मिलिसेकंद, म्हणजे काळाची बारीक मोजणी ठीक. मास्किंग लेव्हल डिफरन्स ११ डेसिबल, म्हणजे ब्रेनस्टेममध्ये दोन कानांची तुलना ठीक. पाण्याच्या इतिहासामुळे इथेच दोष निघेल असा पहिला अंदाज होता. तो चुकला, आणि सरावाचा आराखडा त्यानुसार बदलला. अंदाजावर थेरपी सुरू केली असती तर बारा आठवडे दिशा ओळखण्याच्या सरावात गेले असते.

अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनच्या २००५ च्या अहवालानुसार एपीडीच्या निदानासाठी किमान दोन चाचण्यांत वयाच्या सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनांनी (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याच्या मापाने) कमी गुण असावेत. मराठीसाठी पक्के मापदंड हाताशी नसताना तो निकष काटेकोर लावता येत नाही. म्हणून मुलाच्या अहवालात नुसतं ‘एपीडी’ हे नाव न लिहिता “दोन कानांची माहिती एकत्र करण्यात आणि मेंदूच्या दोन अर्ध्यांमधल्या देवाणघेवाणीत अडचण” असं वर्णन लिहिलं. या निदानाबद्दल तज्ज्ञांमध्ये खरा मतभेद आहे. ब्रिटनमध्ये डेव्हिड मूर आणि सहकाऱ्यांनी १,४६९ मुलांवर केलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांच्या ऐकण्याच्या तक्रारींचा संबंध ध्वनीच्या बारीक चाचण्यांपेक्षा लक्ष आणि आकलनशक्तीशी जास्त दिसला. म्हणूनच लक्ष, भाषा आणि स्मरण यांची तपासणी न करता फक्त हेडफोन लावून दिलेलं निदान स्वीकारू नये.

वर्गाचं गणित

सराव सुरू होण्याआधी वर्ग पाहिला. खोली ८ × ६ मीटर, उंची ३.३ मीटर, घनफळ सुमारे १५८ घनमीटर. कोटा फरशी, गुळगुळीत गिलावा, चार पंखे, हजर मुलं साधारण चाळीस. आवाज किती वेळ घुमतो ते सॅबिनच्या सूत्राने काढता येतं: ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले आवाज शोषणारं एकूण क्षेत्रफळ. भिंती, छत आणि फरशीचं मिळून शोषण जेमतेम ४.७ चौरस मीटर, बाकं २, उघड्या खिडक्या ४, मुलं १४. बेरीज २४.७. उत्तर १.०३ सेकंद. अमेरिकेत या आकाराच्या रिकाम्या वर्गासाठी ०.६ सेकंद ही मर्यादा आहे. इथे तर वर्ग भरलेला होता. एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडते ती अशी.

गंमत म्हणजे उघडी खिडकी हा सगळ्यात चांगला शोषक, कारण बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. पण याच खिडकीतून ट्रकचा हॉर्न आत येतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळेभोवतीच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. वर्गात, मुलं गप्प बसलेली आणि पंखे चालू असताना, ६० डेसिबल मिळाले. मोबाइल अ‍ॅपवर हा आकडा काही डेसिबलने इकडेतिकडे होतो, तेव्हा तो तुलनेसाठीच वापरावा. बाईंचा आवाज एक मीटरवर ६८. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे चौथ्या मीटरवर ५६. घुमणारा आवाज मिळवून तो साठच्या आसपास जाईल, पण तो स्पष्टपणा वाढवत नाही. मुलगा चौथ्या बाकावर, पंख्याखाली बसत होता. मुलांसाठी बोलणं गोंगाटापेक्षा १५ डेसिबलने वर असावं असा संकेत आहे. त्याला मिळत होतं शून्य.

बाक बदललं. दुसरी रांग, बाईंपासून दीड मीटर, पंख्याच्या थेट खाली नाही, चेहरा दिसेल असं. मागच्या भिंतीवर आणि एका बाजूला कापडाने झाकलेल्या रॉकवूलचे ५० मिलिमीटर जाडीचे पॅनेल, एकूण १५ चौरस मीटर, पालकांच्या वर्गणीतून बसले. ०.८ शोषणाच्या हिशेबाने १२ ची भर पडली आणि घुमणं ०.७ सेकंदावर आलं. अंड्यांचे ट्रे लावायचा सल्ला कुणीतरी दिला होता. त्यांनी बोलण्याच्या पट्टीत फारसं शोषण होत नाही, शिवाय ते पेट घेतात. बाकांच्या पायांना रबरी बूच लावले. खर्च सगळ्यात कमी आणि फरक लगेच जाणवला.

बाईंसाठी सूचना चारच लिहिल्या. आधी नाव घ्या आणि त्याने वर बघेपर्यंत थांबा. एका वेळी एकच सूचना. लांब कामाचे तीन शब्द फळ्यावर. आणि “कळलं का?” याऐवजी “काय करायचं ते सांग बघू” असं विचारा. मान डोलवायची सवय या शेवटच्या प्रश्नाने उघडी पडली, आणि पंधरा दिवसांत सुटायला लागली.

रिमोट मायक्रोफोन चार आठवडे उसना घेऊन पाहिला. बाईंच्या तोंडापासून १५ सेंटिमीटरवर माइक आला की एक मीटरच्या तुलनेत १६ डेसिबल जास्त मिळतात, आणि ते थेट कानात. वर्गात फायदा स्पष्ट होता. पण गटात काम करताना बाईंचा माइक चालू राहायचा आणि शेजारच्या मुलाचं बोलणं दबायचं. किंमतही मोठी. पॅनेल बसल्यावर कुटुंबाने तो घेतला नाही आणि तो निर्णय योग्य होता. साधं श्रवणयंत्र मात्र इथे निरुपयोगी, कारण अडचण आवाज लहान असण्याची नाही.

सराव

मुख्य सराव डायकॉटिक, पण उजव्या कानाचा आवाज मुद्दाम उतरवून. डावीकडे ५० डेसिबल ठेवून उजवीकडे ३० केल्यावर डाव्या कानाचे गुण ८० टक्क्यांवर गेले. तिथून सुरुवात. डावा कान लागोपाठ दोन बैठकांत ७५ टक्क्यांच्या वर राहिला की उजवा २ डेसिबलने चढवायचा, ६० च्या खाली घसरला की एक पायरी मागे. आठवड्यातून चार वेळा, वीस मिनिटं. दोन बैठका केंद्रात, दोन घरी.

घरच्या बैठकांत जे बिघडतं ते बहुधा फोनमुळे. पहिल्याच आठवड्यात घरचे गुण दोन्ही कानांत अचानक ९५ टक्के आले. कारण फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू होतं. दोन्ही कानांत दोन्ही आवाज मिसळून जात होते आणि सराव शून्य होत होता. तेव्हापासून प्रत्येक बैठकीआधी तपासणीचा छोटा ट्रॅक ठरला: ‘डावा’ हा शब्द फक्त डावीकडून यायला हवा. फोनच्या बॅलन्सच्या पट्टीवर डेसिबल दिसत नाहीत, म्हणून उजव्या कानाची पातळी फाइलमध्येच बेतून ११ वेव्ह फाइल दिल्या, पेन ड्राइव्हवर. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाते, तिचा भरवसा नाही. हेडफोन वायरचेच, आणि उजव्या कपाला लाल रबरबँड, कारण त्यावरचं ‘आर’ अक्षर कधीच पुसलं होतं.

जोडीला नमुना आधी गुणगुणून मग नाव देण्याचा खेळ, आणि पिशवीत डावा हात घालून न बघता वस्तू ओळखण्याचा: किल्ली, बटण, रबर, वाल. या दुसऱ्या खेळाला भक्कम पुरावा नाही. मुलाला आवडतो आणि पाच मिनिटांचा आहे, म्हणून ठेवला. महाप्राणाच्या जोड्या, ‘बात-भात’, ‘दार-धार’, ‘डग-ढग’, आधी शांततेत, आणि सहाव्या आठवड्यापासून पंखा लावून.

पाचव्या आठवड्यात डावा कान एकदम ५५ टक्क्यांवर घसरला. थेरपीची पायरी मागे घेण्याआधी टिंपॅनोग्राम केला. सर्दी झाली होती आणि डाव्या कानातला दाब उणे २१० डेकापास्कल होता. दहा दिवस सराव थांबवला. त्या दहा दिवसांत पायऱ्या बदलत बसलो असतो तर आकडे कायमचे गढूळ झाले असते. दोन्ही कान सारख्या पातळीवर अकराव्या आठवड्यात आले.

फिल्टर केलेल्या संगीताची महागडी पॅकेजं आणि ‘मेंदूचं टॉनिक’ याबद्दल वडिलांनी विचारलं. दोन्हींसाठी पैसे घालवू नयेत असं स्पष्ट सांगितलं.

चौदाव्या आठवड्यात आणि नंतर

वेगळ्या याद्यांनी फेरतपासणी. डायकॉटिकमध्ये डावा ४० पैकी ३०, उजवा ३६. फक्त डावीकडे लक्ष ठेवून ३२. स्वरांना नाव देणं ३० पैकी १९. गोंगाटातले शब्द डावीकडे १३ वरून १७, उजवीकडे १७ वरून १८. खंड ओळखणं होतं तिथेच, आणि तसंच अपेक्षित होतं. ज्याचा सराव केला नाही तेही वाढलं असतं तर चाचणीची सवय झाली असं मानावं लागलं असतं. तरी वाढलेल्या गुणांपैकी किती सरावामुळे, किती वयामुळे आणि किती बाक बदलल्यामुळे, हे एका मुलाच्या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. वर्गातल्या श्रुतलेखनात वीसमध्ये चार चुका, त्यांपैकी दोन ‘ळ’ आणि ‘ल’च्या, ज्या आधी घरीही होत होत्या. त्यांवर वेगळं काम करायचं आहे.

सुधारलं नाही तेही लिहून ठेवलं. डबा खातानाच्या गलक्यात तो अजून गप्पांच्या बाहेर राहतो. “दप्तर ठेव, हातपाय धू आणि ताईला हाक मार” यातली तिसरी गोष्ट बहुधा राहते. आईने आता तीन वेळा सांगायचं ठरवलं आहे, एका वेळी एक.

दाखल्याबद्दल पालक विचारतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. श्रवणदोष, वाचा व भाषा दोष आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आहेत, पण ही अडचण वेगळी नोंदलेली नाही. वाचन-लेखनही मागे असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते. या मुलाला त्याची गरज नव्हती. तपासणीसाठी जाताना ऑडिओलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते पाहावं आणि मराठी अंकांची डायकॉटिक चाचणी करतात का ते फोनवर आधीच विचारावं. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवण दोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची आणि केंद्र सरकारची. तिथेही जाण्याआधी हेच विचारून घ्यावं.

सहा महिन्यांनी, मधल्या काळात सराव नसताना, डावा कान ४० पैकी २९ वर होता. जूनमध्ये पाचवी सुरू होते. पाचवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या अंगाला आहे, आणि पॅनेल चौथीच्या भिंतीवर राहणार आहेत. नव्या बाईंसाठी त्याच चार सूचनांचं पत्र मे महिन्यातच द्यायचं ठरलं आहे, बाकाची जागा आकृतीसह. पावसाळा लागल्यावर पहिल्या सर्दीनंतर टिंपॅनोग्राम.